खत संपलं तिथवर

न्यामिला, सियाया
सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९

माझ्या मोंबासाच्या नवऱ्याला, कारण आपल्यात आजी नातवाला नवराच म्हणते, चिरंजीव ओबुराला, तुझ्या म्हातारीचा आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तूही बराच असशील, कारण माणूस आजारी पडला की त्याला घर आठवतं आणि तुला चार महिन्यांत ते आठवलेलं नाही. बंदरावरच्या वाऱ्याने डोक्यातलं काहीबाही उडून जातं म्हणतात. तुझं बरंच उडालेलं दिसतं. मला अक्षर येत नाही, हेसुद्धा तू विसरलास.

आठव जरा. या अंगणात पत्र आलं तर ते वाचतं कोण? तुझ्या ओउमा काकाला चष्मा लागलाय, पण चष्मा म्हाताऱ्यांना लागतो असं तो म्हणतो आणि कागद हातभर लांब धरून नुसता हुंकार देतो. तुझी काकू न्यार साक्वा चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक उलटं धरते, हे सगळ्यांना माहीत आहे. मास्तर रावो ओढ्यापलीकडे राहतात. उरली कोण? न्यार उगेन्या, उगेन्याची लेक, तुझी बायको अपोंडी. तर तू मला एकटीला म्हणून ज्या सहा ओळी लिहिल्यास, त्या तिने वाचल्या.

मी चुलीपाशी शेंगा सोलत होते. तिने पाकीट फोडलं आणि वाचायला लागली. यंदा न्यार उगेन्याने बी पेरू नये. पेरणीचा क्रम मोडणाऱ्या बाईचा हात शेताला लागू नये. वरचं शेत काकूने करावं. ईस्टरला मी रजा काढून येईन आणि तिच्या बापाच्या घरी जाऊन काय ते बोलून घेईन, म्हणजे तिला तिथेच ठेवता येईल. एकेक शब्द सुटा वाचला. कुठे अडखळली नाही. तू शाळेत असं कधी वाचलं नाहीस. शेवटी कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "आजी, परत वाचू का?"

मी म्हटलं, "नको. मला अजून ऐकू येतं."

मग तिने डाळीत मीठ टाकलं. बरोबर टाकलं. हे तुला मुद्दाम कळवते.

आता हे पत्रही तीच लिहिते आहे, कारण घरात दुसरं कोणी नाही. मी तिला सांगितलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, तुझ्याबद्दलचंही. ती मान डोलावते आहे. मान डोलावते आहे हेही लिही म्हटलं. लिहिलं.

इकडची बातमी. काळ्या शेळीला दोन करडं झाली, एक तुझ्यासारखं आळशी आहे. तुझी लेक अजवांग आता माझ्या काठीला 'पणजोबा' म्हणते, आणि खरंच तुझे आजोबा तितकेच बोलायचे. ओउमाने छपराचे पत्रे बदलायचं ठरवलं आहे. गेल्या वर्षीही ठरवलं होतं.

कुंपणाला कडूफूल यंदा दोन पुरुष उंच झालंय. तू लहान असताना त्या पिवळ्या फुलांच्या माळा करून बकऱ्यांच्या गळ्यात घालायचास आणि बकऱ्यासुद्धा ती पानं थुंकून टाकायच्या. आपणही ते बांधावर लावून विसरलो होतो. ताप आला तर काढा करायचा, एवढाच त्याचा उपयोग. मग काही वर्षांपूर्वी शेतकी खात्याची बाई मोटरसायकलवर आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कुंपणावर खताची पोती टांगून ठेवलीत आणि दुकानात खत मागायला जाता." आम्ही हसलो. मग तिने आमच्याच कोयत्याने कोवळ्या फांद्या तोडल्या, बारीक केल्या, पेरणीआधी आठ दिवस सरीत गाडल्या. त्या वर्षी आपल्या खालच्या शेतात कणसं किती भरली, ते तू खाल्लंस, तेव्हा ते तरी आठवत असेल.

तेव्हापासून मी तण म्हणून काही टाकून दिलेलं नाही. कडूफूल, घाणेरी, ओढ्यातली वेल, रस्त्याच्या कडेचा पाला, सगळं माझ्या खड्ड्यात. वर शेण, वर राख, वर माती. बाकीच्या बायका खड्ड्यात काठी खुपसतात, थोड्या वेळाने उपसून हाताला लावून बघतात, गरम लागली तर खत शिजतंय म्हणायचं. बाईनेच शिकवलंय. मला काठी लागत नाही. साठ वर्षं भांड्याचं झाकण न उघडता मक्याच्या पिठाची उगाली शिजवली आहे मी. आता या भागात मला 'खताची आई' म्हणतात. बेरिताच्या महिला मंडळाच्या नऊजणी पुढच्या गुरुवारी टोपल्या घेऊन येणार आहेत. प्रत्येकीच्या शेताला थोडं थोडं जाईल.

वरच्या शेताबद्दल तू लिहिलंस. गेल्या वर्षी तिथे टारफुला आला हे खरं. मक्याच्या मुळाला धरून, त्याचाच रस पीत वर आला, जांभळी फुलं फुलली, लांबून बघितलं तर कोणी लग्नाचा मांडव घातलाय असं वाटावं. मका गुडघ्याएवढा राहिला. पण टारफुला कुठूनही येतो. गुरांच्या खुराला लागून येतो, वाऱ्याने येतो, पुराच्या पाण्याने येतो. त्याचं बी धुळीएवढं. धुळीला कोणी विचारतं का, तू कुठून आलीस?

आणि पेरणीच्या क्रमाचं म्हणशील, जो मोडला की शेत नासतं म्हणतात, तर आधी मी, मग तुझ्या बापाचं थोरलं घर म्हणजे न्यार उगेन्या, मग ओउमाचं घर. हे मला कोणी शिकवायला नको. गेल्या वर्षी त्या दिवशी पाऊस अचानक आला, माझा गुडघा

इथे न्यार उगेन्याचं पेन थांबलंय. शाई संपली म्हणते. शाई संपलेली नाही, मला दिसतंय. ती माझ्याकडे बघते आहे, मी पुढे काय सांगते म्हणून.

ते राहू दे. पुढचं लिही.

ईस्टरपर्यंत घाई करू नकोस. तिच्या बापाला काही लिहू नकोस. माणूस दूर असला की त्याला सगळं स्पष्ट दिसतं, तसं तुला दिसत असेल. जवळ आलास की जरा धूसर होईल. तेव्हा बोलू.

तुझी म्हातारी बायको,
रोदा आलूओच
(अंगठा)

वरचं सगळं आजींनी सांगितलं तसं लिहिलं आहे. यात माझं काही नाही. — अपोंडी


न्यामिला
शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९९९

ओबुरा, आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, मी मेलेले नाही. हे मास्तर रावोंचं अक्षर आहे. तुझ्या हातावर छड्या मारून त्यांनी जे तुला शिकवलं तेच हे. ओढा ओलांडून मी त्यांच्याकडे आले आहे. गुडघा सुजलाय, पण तो माझा आहे, त्याला बोलायचा हक्क नाही.

तू विचारशील, घरात लिहिणारी असताना मास्तरांना का त्रास? तर ती लिहायला तयार नव्हती. काल सकाळी, मंडळाच्या बायका यायच्या आधीच, मी तिला म्हटलं, "कागद घे, ओबुराला पुढचं सांगायचंय." ती म्हणाली, "आजी, पुढचं सांगितलंत तर त्यात माझी बाजू येईल. आणि अक्षरही माझंच. मग ते जे उत्तर लिहितील, तेही मलाच वाचायला लागेल." म्हणून मास्तर. यांच्यावर तरी तुझा विश्वास आहे ना?

कालचा गुरुवार सांगते.

मी उजाडल्यापासून खड्ड्याच्या काठावर तिवई टाकून बसले होते. का बसले होते ते मला तेव्हा नीट ठरवता आलं नव्हतं. बायका आल्या, नऊजणी, डोक्यावर उलट्या टोपल्या. पुढे बेरिता.

"उठा आजी," ती म्हणाली, "अंडी उबवताय की काय?"

"उबवतेच आहे. पिल्लं निघाली की कळवीन."

"प्रत्येकीला दोन टोपल्या ठरल्या होत्या."

"आता एकही ठरलेली नाही."

हसल्या. म्हाताऱ्या बाईने हट्ट केला की आधी हसतात, ही पद्धत चांगली आहे. एकजण म्हणाली, "वर जाताना सोबत न्यायचंय वाटतं. देवाच्या दारात भाजी लावतील." दुसरी म्हणाली, "न्यार उगेन्या, ओढ गं यांना तिवईसकट." तुझी बायको त्यांना भरून द्यायला म्हणून फावडं आणि टोपली घेऊन उभी होती. तिने ओढलं नाही.

तेवढ्यात न्यार साक्वा आपल्या दारातून बोलली. ती नेहमी दारातूनच बोलते, म्हणजे आत जायला सोपं. "खतात काय आहे बायांनो? सगळं पेरणाऱ्या हातावर असतं. वरच्या शेतात काय उगवलं ते बघितलंत ना?"

सगळ्यांनी न्यार उगेन्याकडे बघितलं. तिने टोपली खाली ठेवली. एवढंच.

मग मी म्हटलं, "काठी आणा."

बेरिता म्हणाली, "तुम्हाला कधीपासून काठी लागायला लागली?"

"आजपासून."

लांब काठी आणली, पार तळापर्यंत खुपसली, सगळ्या थांबल्या. उपसली तेव्हा मी पहिल्यांदा बेरिताच्या हातात दिली. तिने हात लावला, मग दुसरीने, तिसरीने. काठी थंड होती. ओढ्यातून काढावी तशी.

मग मी सांगितलं. सगळं एका दमात नाही, कारण बायका मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. तुला सरळ सांगते.

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, ओढ्याकाठच्या ज्वारीतला टारफुला मी उपटला. फुलं गळून गेली होती, बोंडं धरली होती, हलवलं की त्यातून काळी धूळ पडायची. शेतकी बाईने सगळ्यांना बजावलं होतं, टारफुला फुलायच्या आधी उपटायचा आणि जाळायचा, खड्ड्यात टाकायचा नाही. मी म्हटलं, जाळायचं काय? हिरवं आहे, कुजेल. तिने आयुष्यात एक चूल पेटवली नसेल आणि मला जाळायला शिकवते. टाकला खड्ड्यात. त्या वर्षी गुडघ्यामुळे खड्डा वरखाली केला नाही, आणि काठी तर मला लागत नव्हतीच. तळ थंड राहिला. बी तसंच राहिलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या खड्ड्यातल्या पहिल्या टोपल्या मी न्यार उगेन्याला दिल्या. खालच्या शेतात मी ओली पानंच गाडते, म्हणून तिथे काही झालं नाही. वरचं शेत लांब आहे, तिथे शिजलेलं खत बरं पडतं. आणि खरं सांगायचं तर, नव्या नातसुनेला पहिलं खत मी दिलं असं चार बायकांत म्हणायला बरं वाटलं असतं. तिने प्रत्येक खळग्यात मूठ मूठ टाकलं.

जूनमध्ये ते जांभळं झालं तेव्हा मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. टारफुला सगळीकडे नव्हता, ओबुरा. शेवटच्या अकरा ओळी स्वच्छ होत्या, मका खांद्याएवढा. त्या अकरा ओळींपर्यंत तिच्या टोपल्या पुरल्या नव्हत्या. खत संपलं तिथवर टारफुला, पुढे मका. मला अक्षर येत नाही, पण ते मी वाचलं.

आता क्रमाचं. गेल्या वर्षी पाऊस आला त्या सोमवारी मी पेरलं होतं. स्वयंपाकघराच्या मागे, केळीच्या बुंध्याशी, चार दाणे, क्रमाला तेवढे पुरतात. न्यार उगेन्याने माझा दंड धरला होता. मी म्हटलं, "मी टाकलं, आता तू जा, तुझं उरकून घे." ती गेली. न्यार साक्वा नंतर आली, तिने माझं मोठं शेत कोरडं बघितलं आणि तुझ्या बायकोला पेरताना बघितलं. तिने खोटं पाहिलं नाही, अर्धं पाहिलं.

जूनमध्ये ओउमाने दोन म्हाताऱ्यांना बोलावून अंगणात मला विचारलं, "आई, त्या दिवशी तू आधी पेरलं होतंस का?"

मी म्हटलं, "वय झालं रे. आठवत नाही."

आठवत होतं. दाणे कुठल्या फडक्यात बांधले होते तेही आठवत होतं. पण मी पेरलं होतं म्हटलं असतं, तर क्रम मोडला नव्हता असं झालं असतं. मग टारफुला कशाने आला, असं कोणीतरी विचारलं असतं, आणि विचारणाऱ्याची नजर फिरत फिरत माझ्या खड्ड्यावर आली असती. म्हणून मी म्हातारी झाले. त्या दिवशी झाले आणि आठ महिने तशीच राहिले. ते सोपं असतं. लोक मदत करतात.

इथे मास्तर पेन खाली ठेवून म्हणतात, "रोदा, असं नातवाला लिहू नये. तुमचा मान जाईल." मी म्हटलं, "मान कालच नऊजणींच्या समोर गेला मास्तर, तुम्हाला ओढ्यापलीकडे उशिरा कळतंय. लिहा." लिहितायत.

बायकांचं पुढे काय झालं ते सांगते. कोणी ओरडली नाही. बेरिता म्हणाली, "आजी, आमच्या नऊ शेतांत गेलं असतं ना हो हे." म्हणून मी तिवईवर बसले होते, हे मला तेव्हा कळलं. न्यार साक्वा दारातून बाहेर आली होती, ती परत आत गेली.

मी न्यार उगेन्याला विचारलं, सगळ्यांसमोर, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "त्या ओळी मीच पेरल्या होत्या."

"केव्हा कळलं?"

"जूनमध्येच."

"मग बोलली का नाहीस?"

तिने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाली, "तुमच्याआधी पेरायचं नाही म्हणता, आजी. मग तुमच्याआधी बोलायचं कसं?"

मी तिवईवरून उठले.

मग तिने भांडी घासली. अजवांगला पाठीशी बांधलं, एक गाठोडं घेतलं. शेळीचं दूध दोनदा काढा, करडं प्यायच्या आधी नाही, असं सांगितलं. भांडली नाही, रडली नाही, माझ्या पाया पडून गेली. उगेन्याची लेक उगेन्याला गेली. परत येईन असं म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. तू ईस्टरला जे करणार होतास ते तिने स्वतःच केलं.

खड्ड्यावर बायकांनी हातभर माती लोटली आणि काटे टाकले. यंदा त्या कडूफूल ओलंच तोडून गाडणार आहेत. काल संध्याकाळपर्यंत आपलं अर्धं कुंपण भुंडं झालं. नेऊ देत.

आता माझं ऐक. ओउमाला मी आज सकाळी सांगितलं, तेच तुला सांगते. यंदा तुझी बायको या अंगणात परत येईपर्यंत मी बी टाकणार नाही. तिला तू आणायचंस, ओउमाने नाही, मास्तरांनी नाही. मी टाकलं नाही तर तिचं घर पेरणार नाही, आणि ती पेरत नाही तोवर ओउमाचं घर पेरणार नाही. क्रम सगळ्यांना इतका प्रिय आहे ना, तर आता सगळ्यांनी मिळून सांभाळावा.

ओउमा म्हणाला, "आई, आणि पाऊस आला तर?"

मी म्हटलं, "मी त्याला बोलावलेलं नाही."

तुझी,
रोदा आलूओच
(अंगठा, माझ्यासमोर उठवला — ई. रावो)


न्यामिला
बुधवार, १० मार्च १९९९

ओबुरा,

तुझं पत्र मिळालं. मास्तरांनी वाचलं. तू लिहितोस, आजी, तू पेरून टाक, उपाशी मराल, मी ईस्टरला येतोच आहे. बाकी सगळं वाचून तुला एवढंच दिसलं. खत कुठवर होतं ते मी कुंपणावरून बघितलं, तू तर कागदावर बघितलंस, तरी?

पाऊस शनिवारी आला. चांगला आला, सलग तीन दिवस. तळ्याकडून ढग अजूनही येतायत. बेरिताने पेरलं, मास्तरांनी पेरलं, ओढ्यापलीकडच्या सगळ्यांनी पेरलं. आपलंच अंगण बसलेलं आहे. न्यार साक्वा काल बियाण्याची टोपली घेऊन माझ्यापाशी आली, गुडघ्यावर बसली. "आई, एक दाणा टाका. केळीपाशी टाका, कोणी बघणार नाही."

मी म्हटलं, "कोणी बघणार नाही, तिथूनच तर हे सगळं सुरू झालं."

ती म्हणाली, "मी चुकले असेन."

"तू अर्धी चुकलीस. उरलेली अर्धी चूक माझी आहे. दोन्ही अर्ध्या मिळून उगेन्याला गेल्या आहेत."

मग आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. ती गोड बोलू शकते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

उगेन्याहून निरोप आला. अपोंडी बरी आहे. तिची आई तिला कुदळ हातात घेऊ देत नाही, सासरी पेरायची बाई इथे कशाला पेरते म्हणते. म्हणजे तिथेही तिचे हात रिकामे, इथेही माझे. पेरणीचे अजून आठ-दहा दिवस आहेत, फार तर पंधरा. ईस्टर त्यानंतर आहे. तू बंदरावर माल मोजतोस ना, तर हेही मोज.

शेतकी बाई येऊन गेली. तिला मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, वहीत लिहून घेतलं, त्याने जास्त लागतं. वरच्या शेतात यंदा मका नाही म्हणाली, भुईमूग लावा. त्याच्या मुळाशी टारफुल्याचं बी जागं होतं, पण तिथे त्याला धरायला काही मिळत नाही, आणि ते उपाशी मरतं. सगळं एकदम नाही, थोडं थोडं. बी दहा-पंधरा वर्षं जमिनीत दम धरून राहतं. म्हणजे ते माझ्यापेक्षा जास्त जगणार. ते निपटायचं काम मी ज्यांना देऊन जाणार आहे, त्यातली एक उगेन्यात बसली आहे आणि दुसरा मोंबासात.

भुईमुगाचं बियाणं मी निवडून ठेवलं आहे. मला फक्त ते हातात धरून बसायचं आहे.

घरी आधी येऊ नकोस. बस किसुमूला बदल आणि सरळ उगेन्याला जा. तिथे गेल्यावर आजीने सांगितलं म्हणून आलो, असं म्हणू नकोस. मी सांगितलं आहे, पण तसं म्हणू नकोस. तू काय लिहिलं होतंस ते तिने स्वतःच्या तोंडाने वाचलंय, तेव्हा आता तू काय बोलतोस तेही तुझ्या तोंडून तिला ऐकू दे. ती आली तर बरं. नाही आली, तर का नाही ते मला येऊन सांग. मग आपण सगळे मिळून त्याच्यासकट जगू.

मूठ मिटून बसलेली,
तुझी आजी
रोदा आलूओच
(अंगठा)

ता. क. — मला या खेपेला काही पाठवू नकोस. उगेन्याला जाताना साखर आणि चहाची पूड ने, आणि बाजारातून चांगला मऊ खजूर घे. बिया काढलेला नको, बियांसकट घे, कारण तिथे कोणी लगेच बोलायला लागणार नाही आणि तोवर सगळ्यांच्या तोंडाला काहीतरी काम लागेल.